टॉम थम्ब आणि ग्रोथ हार्मोन : उंची थांबल्यावर हाडांचे काय?

जनरल टॉम थम्ब या नावाने जग ज्यांना ओळखत होते, त्यांचे खरे नाव चार्ल्स शेरवुड स्ट्रॅटन. जन्म ४ जानेवारी १८३८, अमेरिकेतील ब्रिजपोर्ट. जन्मताना बाळ चांगले वजनदार होते. सुमारे सहा महिन्यांनंतर मात्र वाढ जवळजवळ थांबली. जन्मजात ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेत असेच दिसते : बाळ जन्मते नेहमीसारखे, उंची मागे पडते ती नंतर.

१८४२ मध्ये पी. टी. बार्नम यांनी त्यांना रंगमंचावर आणले. वय पाचही नव्हते. जाहिरातीत मात्र अकरा सांगितले गेले. १८४४ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियासमोर कार्यक्रम केला. १८६३ मध्ये त्यांच्यासारख्याच ठेंगण्या लव्हिनिया वॉरन यांच्याशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे लग्न झाले.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट डॉक्टरांना आजही महत्त्वाची वाटते. अठराव्या वर्षी त्यांची उंची सुमारे ८३ सेंटिमीटर होती, तर १५ जुलै १८८३ रोजी, ४५व्या वर्षी पक्षाघाताने निधन झाले तेव्हा सुमारे १०२. म्हणजे हाडांच्या टोकांची वाढ-चकती, जी बहुतेकांमध्ये किशोरवयाच्या अखेरीस बंद होते, ती त्यांच्यात फार काळ उघडी राहिली असावी. पिट्युटरी ग्रंथीची ग्रोथ हार्मोनबरोबर इतर हार्मोन्सही कमी असतील, तर असे होऊ शकते. त्यांची तपासणी त्या काळी शक्य नव्हती. त्यामुळे हे निदान अंदाजाचेच आहे.

लोकांनी आयुष्यभर त्यांची उंचीच मोजली. तुमच्या घरातही तेच होत असेल, तर इथे थांबा. उंची पूर्ण झाली की इंजेक्शन बंद, असा अनेकांचा समज असतो. पण हाडे भरण्याचे काम विशीच्या उत्तरार्धापर्यंत चालते आणि त्यात ग्रोथ हार्मोनचा वाटा असतो. या वयात हाडे कमी भरली, तर पुढे ती ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

म्हणून उंची थांबल्यावर परस्पर औषध सोडू नका. डॉक्टर बहुधा काही आठवडे ते महिने इंजेक्शन थांबवून हार्मोनची फेरतपासणी करतात. कमतरता कायम असेल, तर मोठ्यांसाठीच्या कमी मात्रेत उपचार चालू ठेवण्याचा विचार होतो. हाडांची घनता डेक्सा स्कॅनने कळते. उपचार पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या वर्षात घनता किंचित घटलेली दिसू शकते, कारण आधी जुने हाड झिजते आणि मग नवे भरते. घाबरू नका, फायदा दिसायला दीड-दोन वर्षे लागतात. थायरॉईड, कॉर्टिसॉल व लैंगिक हार्मोन्स, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि व्यायाम यांकडेही लक्ष हवे.

स्ट्रॅटन यांच्या काळात हा उपचार नव्हता. कृत्रिमरीत्या तयार केलेले ग्रोथ हार्मोन १९८५ पासून मिळू लागले. तुमच्याकडे ते आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना उंचीबरोबर हाडांविषयीही जरूर विचारा.