दर्यावरचा सरखेल

आपल्या घराण्यांच्या कुळकथा घोड्यांच्या टापांनी भरलेल्या आहेत. कोणाचे पूर्वज शिलेदार, कोणाचे बारगीर, कोणाचे फडावरचे कारकून; पण गलबतावर हयात घालवलेला पूर्वज आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल. त्यामुळे कान्होजी आंग्रे यांचे नाव आपण आदराने घेतो खरे, परंतु त्यांचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना आपणांस चटकन येत नाही.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. मुलाचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले आणि पाण्याशी त्याची ओळख तेव्हाच झाली. पुढे १६९८ च्या सुमारास सरखेली, म्हणजे आरमाराचे मुख्यपद, त्यांच्याकडे आले. त्यानंतरची तीस वर्षे कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचाच शब्द चालला.

त्यांचे राज्य जमिनीपेक्षा बेटांवर अधिक होते. सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी ही सारी पाण्याने वेढलेली ठाणी. ओहोटीला कुलाब्यात पायी जाता येते. भरती आली की तोच किल्ला बेट होतो. भोवती खारे पाणी असूनही आत पिण्याचे गोडे पाणी आहे. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे, आणि तेथे एक असा खडक आहे की त्यावर दगड आपटला असता धातूसारखा नाद उमटतो. गायन शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला या खडकाचे विशेष कौतुक वाटते. समोरच उंदेरी, ते मात्र सिद्दीच्या ताब्यात. दोन बेटे एकमेकांच्या तोफांच्या माऱ्यात, असा तो शेजार होता.

या बेटांमध्ये वावरणारी गलबतेही त्या पाण्याला साजेशीच होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद बांध्याची आणि पुढे निमुळती. तिच्या नाळेवरच्या तोफा समोर मारा करीत. लहान गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की तीच गुराबांना ओढून नेत. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर बंदर गाठावे, हा या किनाऱ्यावरील दर्यावर्दींचा नित्यक्रम. इंग्रजांची थोर जहाजे उथळ पाण्यात शिरू शकत नसत. कान्होजींची गलबते खाडीत दिसेनाशी होत. पावसाळ्यात मात्र समुद्रापुढे कोणाचेच चालत नसे. नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहणे सरखेलांनाही भाग होते.

फिरंगी परवाने देत, तसे दस्तक कान्होजींनीही सुरू केले. ज्याच्यापाशी दस्तक नाही ते जहाज पकडले जाई. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नरची स्वतःची शिडाची नौका त्यांच्या हाती लागली. कारवारच्या वखारीचा प्रमुख या चकमकीत मारला गेला. त्याची पत्नी कैद झाली आणि तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण आपल्याच पाण्यावर जकात मागणारा चाचा, आणि परक्या पाण्यावर मागणारा व्यापारी, हा न्याय कोणता?

१७१३ साली छत्रपती शाहूंच्या वतीने चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींनी कैद केले; पुढे बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर व १७२० साली विजयदुर्गावर हल्ला केला, दोन्हीही फसले. १७२१ अखेर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. तेव्हा बाजीरावांचे घोडदळ मदतीस धावले, आणि पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले. घोडा व गलबत एकत्र आले की काय होते ते तेव्हा दिसले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले; त्यांची समाधी अलिबागेस आहे.

ती एकी टिकली नाही. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली आणि विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. उरलेल्या मराठी आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांचे ‘सांताना’ जहाज धरले. त्याच्या भरपाईदाखल १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे द्यावी लागली, आणि १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. खेरडी त्याच प्रदेशातली. येथे समुद्र नाही, बंदर नाही. तरी समुद्रावरच्या एका भांडणाची किंमत येथल्या डोंगराळ मुलखातील माणसांनी १९५४ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षे मोजली.

आज खांदेरी बेटाला कान्होजींचे नाव आहे, आणि मुंबईतील नौदलाचे एक ठाणेही त्यांच्या नावाने ओळखले जाते. वाचकांपैकी कोणी अलिबागेस गेले, तर ओहोटीची वेळ विचारून कुलाब्यात अवश्य जावे. परतताना पाणी पायांशी येऊ लागले, की सरखेलांचे राज्य कशावर उभे होते ते पुस्तकाविनाही कळेल.