दुसऱ्याच्या खुर्चीकडे पाहणारा डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस

डास चावल्याने हिवताप होतो हे आज चौथीतले पोरही सांगेल. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र दलदलीतून उठणाऱ्या घाण हवेमुळे हा ताप येतो अशी भल्याभल्यांची समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थही खराब हवा असाच आहे. ही समजूत ज्याने मोडून काढली तो सर रोनाल्ड रॉस आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीपुरता भेटतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. डॉक्टरांची चरित्रे वाचण्याचे मला तसे कारण नव्हते. पण माझ्याबरोबर शाळेत असलेले कोणी मेडिकलला गेले, कोणी फार्मसीला, कोणी नर्सिंगला, आणि सुट्टीत भेटले की प्रत्येकाला दुसऱ्याचेच बरे चालले आहे असे वाटते. फार्मसीवाल्याला डॉक्टरच्या मानाचा हेवा, तर होऊ घातलेल्या डॉक्टरला फार्मसीवाल्याच्या झोपेचा! दुसऱ्याच्या पानातला लाडू मोठा दिसायचाच. रॉसचे चरित्र वाचताना मला या मित्रांची वारंवार आठवण झाली.

रॉसचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोड्याला झाला. मेरठला बंडाची ठिणगी पडून तीनच दिवस झाले होते. बाप इंग्रजी फौजेत मोठा अधिकारी, आणि दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवले. तिथे त्याला काव्याचे वेड लागले, संगीताचे लागले, गणिताचे लागले. सोळाव्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेत तो पहिला आला. त्याच्या मनात कलावंत किंवा लेखक व्हायचे होते. बापाच्या मनात त्याने हिंदुस्थानात सरकारी डॉक्टर व्हावे असे होते. आपल्याकडे अशा प्रसंगी जे होते तेच तिथेही झाले. 1874 साली त्याचे नाव लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या कॉलेजात घातले गेले.

कॉलेजात तो पुस्तके उघडी ठेवून नाटके लिहीत बसला. वैद्यकाच्या एका परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा जहाजावर डॉक्टरची नोकरी धरून अटलांटिकच्या फेऱ्या करीत त्याने पुन्हा अभ्यास केला. अखेर 1881 साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरला, पण निवड परीक्षेतले स्थान खालचे, म्हणून वाट्याला आला मद्रास इलाखा. बंगालची नेमणूक मानाची समजली जाई. म्हणजे नको असलेल्या धंद्यातही पहिल्या पंगतीची जागा मिळाली नाही. पलटणीचे डॉक्टर म्हणून काम थोडे, वेळ भरपूर. तो कविता, कादंबऱ्या लिही आणि गणिताची पुस्तके वाची. आपण चुकीच्या खुर्चीवर बसलो आहोत ही भावना त्याला इथूनच चिकटली असावी, असे मला वाटते.

1883 साली तो बंगलोरला होता. (आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांनी ही हकीकत आपल्या खात्यावर जमा करून घ्यावी.) त्याच्या बंगल्यात डासांचा फार त्रास. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते, त्यात पाहतो तो अळ्या वळवळताहेत. त्याने ते पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. मेसभोवतालची भांडीही अशीच रिकामी करू या असे त्याने तिथल्या अधिकाऱ्याला सुचवले, पण निसर्गाच्या व्यवहारात ढवळाढवळ करायला तो गृहस्थ तयार झाला नाही. डास आणि ताप यांचा संबंध तेव्हा रॉसलाही माहीत नव्हता, पण पुढे आयुष्यभर जो उपाय त्याने जगाला सांगितला तो त्याने या पिंपावर आधीच करून पाहिला होता.

1889 साली त्याचे लग्न झाले. त्याच रजेत त्याने सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली आणि जंतुशास्त्र शिकून घेतले. हिवतापाचे जंतू रक्तात असतात असे लाव्हरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने 1880 साली अल्जीरियात दाखवून दिले होते. रॉसला ते काही सापडेनात, म्हणून लाव्हरांचेच चुकते आहे असे तो ठासून लिहू लागला. 1894 साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सनने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली ते जंतू दाखवले तेव्हा तो गप्प झाला.

मॅन्सन त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात हे त्याने 1877 साली चीनमध्ये शोधून काढले होते. हिवतापाच्या जंतूंचेही तसेच काही असावे हा तर्क त्याचाच. पण लंडनमध्ये बसून तो पडताळायचा कसा? त्याच्याजवळ नाव होते, वजन होते, ओळखी होत्या, पण ना तापाचे रोगी ना उष्ण देशातले डास. रॉसजवळ हे दोन्ही पैशाला पासरी, पण त्याचे ऐकणारा कोणी नाही. 1895 साली रॉस सिकंदराबादच्या छावणीत परतला आणि दोघांत जो पत्रव्यवहार सुरू झाला तो शंभरावर पत्रांचा आहे.

सिकंदराबादचे काम वाचताना अंगावर काटा येतो. उन्हाळ्यात पंखा लावायचा नाही, कारण फाडलेले डास उडून जातील. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, काचेला तडा गेलेला. एकेक डास चिरून त्याचा कण अन् कण पाहायचा, आणि मिळायचे काय तर काहीच नाही. मधेच पटकीच्या साथीसाठी बंगलोरला बदली. उटीच्या पायथ्याशी सिगूरच्या घाटात तपास करायला गेला तर स्वतःलाच हिवताप! अडचण अशी होती की दोन वर्षे तो चुकीच्या जातीचे डास चिरत होता. डासांच्या जाती ओळखण्याचे शास्त्र त्याला कोणी शिकवलेले नव्हते. तो त्यांना रंगावरून नावे देई, पट्ट्यांचे, करड्या रंगाचे, ठिपकेदार पंखांचे.

ऑगस्ट 1897 मध्ये हे ठिपकेदार पंखांचे डास त्याच्या हाती लागले. हुसेन खान नावाच्या रोग्याला त्याने ते चाववून घेतले, डासामागे एक आणा या दराने. हुसेन खानाने आठ आणे कमावले. हिशेबाच्या विद्यार्थ्याला राहवत नाही म्हणून सांगतो, वैद्यकाच्या इतिहासात आठ आण्यांचा याहून किफायतशीर खर्च मला तरी आढळला नाही. 20 ऑगस्टला त्यांतला एक डास चिरताना जठराच्या भिंतीत त्याला गोलसर पेशी दिसल्या, आणि त्यांत हिवतापाच्या जंतूंत असतो तसाच काळा रंगकण होता. दुसऱ्या दिवशी उरलेला डास चिरला, तर त्या पेशी वाढलेल्या! डासाच्या शरीरात जंतू वाढतो हे नक्की झाले. 20 ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक मच्छर दिन म्हणून पाळतात.

आता कोणालाही वाटेल की सरकार त्याला डोक्यावर घेऊन नाचले असेल. महिन्याभरात त्याची बदली झाली ती राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे त्याच्या कामाला लागणारा हिवताप जवळपास नव्हता. मॅन्सनने लंडनमध्ये खटपट केली तेव्हा कुठे 1898 च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथे नवेच संकट. प्लेगच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचून घ्यायला तयार होईनात. त्या काळात सरकारी डॉक्टर म्हटले की लोकांना काय वाटत असे हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. मग रॉस पक्ष्यांकडे वळला. पक्ष्यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो. महंमद बक्ष या मदतनिसाला घेऊन त्याने चिमण्या आणि डास पाळले, आणि 1898 च्या जुलैत जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले. रोगी पक्ष्याला चावलेला डास निरोगी चिमणीला चावला की ती आजारी पडे. साखळी पुरी झाली. आता एकच पायरी राहिली होती, तेच माणसात दाखवण्याची. आणि नेमके तेव्हाच सरकारने त्याला काळा आजाराच्या चौकशीसाठी आसामात धाडले.

ती पायरी रोममध्ये चढली गेली. बात्तिस्ता ग्रास्सी हा डॉक्टरी शिकून प्राणिशास्त्राकडे गेलेला प्राध्यापक. त्याला डासांची जात आणि जात खडान्‌खडा माहीत. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1898 संपण्यापूर्वी सिद्ध केले की माणसाचा हिवताप अॅनोफिलीस डासातून येतो. रॉसचा ठिपकेदार पंखांचा डास तो हाच, फक्त रॉसला त्याचे नाव ठाऊक नव्हते. इथे माझे मन रॉसकडे झुकते. पण हेही खरे की ग्रास्सीने आपल्या आवडीचा विषय तरुणपणीच धरला आणि रॉसला ते जमले नाही, किंवा करू दिले गेले नाही. पुढे वर्षानुवर्षे रॉसने ग्रास्सीला चोर, लबाड म्हणण्यात जी शक्ती खर्च केली तिच्या मुळाशी ही सल असली पाहिजे. ग्रास्सीही काही कमी नव्हता; त्याने रॉसचे ऋण मोकळ्या मनाने कधी मान्य केले नाही. जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने रॉसची बाजू घेतली, आणि 1902 चे वैद्यकातले नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले. ब्रिटिश नागरिकाला मिळालेले हे पहिले नोबेल.

तेव्हा तो नोकरी सोडून लिव्हरपूलला उष्ण कटिबंधातील रोगांच्या शाळेत शिकवत होता. 1911 साली सर झाला. एवढ्यावर माणसाने समाधानी व्हावे, पण नाही. लंडनच्या नामांकित डॉक्टरांची प्राप्ती त्याच्या डोळ्यांत खुपे. 1912 साली त्याने लिव्हरपूल सोडले तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्यासाठी मॅन्सनने एक शिफारसपत्र लिहिले. त्यातल्या शब्दांत रॉसला आपला अपमान दिसला आणि ज्याने त्याला जंतू दाखवले, ज्याने बदली फिरवली, त्याच मॅन्सनवर त्याने कोर्टात दावा लावला. प्रकरण बाहेरच मिटले. सबंध चरित्रात मला सर्वांत वाईट वाटले ते या ठिकाणी.

देवीची लस काढणाऱ्या जेन्नरला पार्लमेंटने शंभर वर्षांपूर्वी एकूण तीस हजार पौंड दिले होते. मलाही तसेच द्या म्हणून रॉसने अर्ज केला. नकार आला. हे हास्यास्पद म्हणून सोडून देता येईल, पण संशोधकाने पोटाला काय खायचे हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. खाजगी रोगी तपासणारा डॉक्टर गाडीघोडे ठेवी, आणि लाखोंचा ताप टाळण्याची वाट दाखवणाऱ्याला कोणी फी देत नसे. टळलेल्या आजाराचे बिल पाठवायचे तरी कोणाला?

याच काळात त्याने एक काम केले ते मला फार आवडते, कारण त्यात त्याचे जुने गणिताचे वेड उपयोगी पडले. गावातला एकूण एक डास मारणे अशक्य, मग हिवताप जाणार कसा, असे लोक विचारीत. रॉसने समीकरणे मांडून दाखवले की डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली आणली की पुरे. एक रोगी बरा होईपर्यंत त्याच्यापासून सरासरी एकही नवा रोगी होत नसेल तर साथ आपोआप विझते. 1911 च्या त्याच्या पुस्तकात हे आहे. कोरोनाच्या वेळी वर्तमानपत्रांतून जे आकडे आपण रोज वाचत होतो त्यांचे मूळ शोधत गेले तर वाटेत रॉस भेटतोच. पलटणीच्या रिकाम्या वेळात वाचलेले गणित असे फळाला आले.

महायुद्धात 1914 साली त्याचा थोरला मुलगा मारला गेला. 1926 साली लंडनमध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली. पुढल्या वर्षी तो कलकत्त्याला येऊन जुन्या रुग्णालयाजवळ उभारलेले आपले स्मारक पाहून गेला. तरीही 1928 साली त्याने आपले सारे कागद विकायला काढल्याची जाहिरात दिली. लेडी ह्यूस्टन नावाच्या धनिक बाईने ते दोन हजार पौंडांना घेतले. त्या गठ्ठ्यांत वह्या होत्या, हिशेब होते, भांडणाची कात्रणे होती, आणि ज्याच्यावर दावा लावला त्या मॅन्सनची पत्रेही त्याने नीट लावून ठेवलेली होती. 1931 साली पत्नी गेली. 16 सप्टेंबर 1932 रोजी तो गेला, आणि लंडनच्या पुटनी व्हेल दफनभूमीत त्याला तिच्या शेजारी पुरले.