लीटाबाईंचा प्रबंध

ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या प्रबंधांवर बहुधा धूळच साचते. लिहिणाऱ्याला पदवी मिळाली की प्रबंधाचे काम संपले, अशी आपली समजूत असते. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका विद्यार्थिनीने अशा विषयावर प्रबंध लिहिला की तो विषय आजही आपल्या घरांत दबक्या आवाजातच निघतो. तिचे नाव लीटा स्टेटर हॉलिंगवर्थ. माणसाच्या मनाची तपासणी करून त्याच्या अडचणींवर उपाय सुचवणारे चिकित्सालयीन मानसशास्त्र त्या वेळी नुकते कुठे उभे राहत होते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मानसशास्त्र माझ्या वाट्याला आलेले नाही. पण ज्या हत्याराने या बाई लढल्या ते संख्याशास्त्र मात्र आम्हाला चांगलेच आले आहे. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

लीटाचा जन्म २५ मे १८८६ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, चॅड्रन गावाजवळच्या माळरानावर झाला. तीन बहिणींत ती थोरली. धाकटीच्या बाळंतपणात आई गेली आणि मुली आजी-आजोबांकडे वाढल्या. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले व मुलींना व्हॅलेंटाइन या गावी आपल्याकडे नेले. तिथे सावत्र आईचा जाच सुरू झाला. त्या घरातून सुटण्याचा एकच रस्ता होता, तो म्हणजे अभ्यास. सोळाव्या वर्षी, १९०२ साली, लीटा लिंकन शहरी नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाली आणि १९०६ मध्ये पदवीधर झाली. तिला लेखिका व्हायचे होते. पोटासाठी तिने शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. वर्गमित्र हॅरी हॉलिंगवर्थ कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला गेला होता. १९०८ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तिथेच दोघांचे लग्न झाले.

आणि इथे लीटाबाईंची कोंडी झाली. लग्न झालेल्या बाईला शिक्षिका म्हणून घ्यायचे नाही, असा न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांचा दंडक होता. पदवी हातात, अनुभव गाठीशी, तरी दिवसभर स्वयंपाक, धुणे, शिवण. कथा लिहून पाठवाव्यात तर त्या परत येत. पुढे शिकावे तर हॅरीच्या पगारात दोघांचे जेमतेम भागे. बाईंच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ मला या दोन-तीन वर्षांत दिसते. आपण नालायक आहोत म्हणून घरी बसलो आहोत की घरी बसवले म्हणून नालायक ठरतो आहोत, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून सुचलेला नव्हता.

त्यांची सुटका कोका-कोला कंपनीने केली, हे वाचून वाणिज्य शाखेच्या माणसाला मोठी गंमत वाटते. १९०९ साली अमेरिकन सरकारने कोका-कोलाच्या पाकाची चाळीस पिंपे आणि वीस लहान पिंपे जप्त केली होती. पेयातील कॅफिन प्रकृतीला घातक आहे, असा सरकारचा आरोप होता. १९११ मध्ये चॅटानूगा येथे खटला उभा राहायची वेळ आली, तेव्हा कॅफिनचा माणसाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो याचा धड अभ्यासच कुणी केलेला नाही, हे कंपनीच्या ध्यानी आले. नावाजलेल्या शास्त्रज्ञांना कंपनीचा पैसा नको होता. तरुण हॅरीने काम घेतले, पण अट घालून: निष्कर्ष काहीही निघोत, ते छापण्याची मला मोकळीक हवी आणि कंपनीने त्यांची जाहिरात करता कामा नये. मॅनहॅटनमधली एक जागा भाड्याने घेऊन सोळा माणसांवर चाळीस दिवस प्रयोग चालले. कुणाला कॅफिन, कुणाला नुसती दुधातली साखर; कुणाला काय दिले आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसे. रोजच्या चाचण्यांवर देखरेख लीटाबाईंची. त्या कामाच्या पैशातून त्यांची कोलंबियाची फी निघाली. फी तर मिळालीच, पण प्रयोग कसा करावा याचे पक्के शिक्षणही त्यांना त्या जागेतच मिळाले असावे.

त्या काळी स्त्रीच्या बुद्धीविषयी विद्वानांत दोन मते रूढ होती. पहिले असे की, सरासरी बुद्धी दोघांची सारखी असली तरी पुरुषांत विचलन अधिक असते. आमच्या भाषेत सांगायचे तर, दोन तुकड्यांची गुणांची सरासरी पन्नासच. पण एका तुकडीत सगळे पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आत, आणि दुसरीत कुणाला दहा तर कुणाला पंच्याण्णव. स्त्रिया म्हणजे पहिली तुकडी. म्हणून थोर प्रतिभावंत पुरुषच आणि मतिमंदांच्या संस्थांत भरतीही मुलग्यांचीच जास्त. विशेष म्हणजे हे मत मांडणाऱ्यांत खुद्द लीटाबाईंचे मार्गदर्शक, प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक होते. स्त्रियांच्या अत्युच्च शिक्षणावर फार खर्च करण्याची गरज नाही, असे अनुमानही त्यांनी यावरून काढले होते.

१९१३ मध्ये एम.ए. झालेल्या लीटाबाई त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मतिमंदांची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात बिने चाचण्या घेण्याचे काम करू लागल्या होत्या. तिथल्या हजार जणांच्या नोंदी त्यांनी वयाप्रमाणे मांडल्या. मुलगे जास्त होते हे खरे, पण लहान वयातच. वय वाढत जाई तशा स्त्रिया वाढत. कारण उघड होते. मुलग्याला बाहेर पडून कमवावे लागते, तिथे त्याचे मांद्य लवकर उघडे पडते. तशीच मुलगी घरात भांडी घासते, मुले सांभाळते, तिचे लग्नही होऊन जाते. आधार तुटला की मग तिला संस्थेत आणतात. म्हणजे आकडे खरे, पण ते बुद्धीचे नव्हते, घराच्या उंबऱ्याचे होते. हिशेब तपासताना नोंद कुठल्या खात्यावर पडली आहे ते आधी पाहावे, असे आम्हाला शिकवतात. बाईंनी तेच केले. पाठोपाठ हेलन माँटेग्यू यांच्याबरोबर त्यांनी एक हजार मुलगे आणि एक हजार मुली अशा नवजात बालकांची मापे अभ्यासली. वीस हजार मापे! जगाचा वारा लागण्यापूर्वीच्या या मापांत मुलग्यांचे विचलन अधिक असल्याचे काही दिसले नाही.

दुसरे मत अधिक नाजूक आणि अधिक घातक होते. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्री मनाने व शरीराने अधू असते, सबब जबाबदारीचे काम तिला झेपणार नाही, असे ते मत. एडवर्ड क्लार्क या अमेरिकन डॉक्टरांनी १८७३ साली आणि हेन्री मॉडस्ली या इंग्रज डॉक्टरांनी १८७४ साली मुलींच्या उच्च शिक्षणाला या कारणाने विरोध केला होता. आपल्याला हे ऐकून परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मराठीत कावळा शिवला म्हणतात आणि कन्नडात मुट्टु. दोन्हीकडे शब्द शिवण्याचाच, आणि दोन्हीकडे अर्थ शिवू नका असा! माझ्या आजीच्या वेळी चार दिवस बाहेर बसावे लागे. फरक इतकाच की आपल्याकडे धर्माचे नाव घेतले, तिकडे वैद्यकाचे.

लीटाबाईंनी प्रबंधासाठी हाच विषय निवडला. आधीच्या विद्वानांचे लेखन चाळताना त्यांना दिसले की एकजण दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि मोजमाप जवळजवळ कुणीच केलेले नाही. मग त्यांनी स्वतः मोजले. सहा स्त्रियांची रोज, सलग तीन महिने. आणखी सतरा जणींची महिनाभर, दर तिसऱ्या दिवशी. ताळा पाहण्यासाठी दोन पुरुषही घेतले. धातूच्या काडीने पट्टीवर भराभर ठोके द्यायचे, काडी बारीक भोकात कडेला न लागू देता स्थिर धरायची, रंग पाहून नाव सांगायचे, शब्दाला विरुद्धार्थी शब्द द्यायचा, टंकलेखन शिकायचे. चाचण्या दिसायला पोरखेळ. पण वेग, हाताची स्थिरता, विचार आणि नवे शिकण्याची ताकद, सारे त्यांत येते. आकड्यांत पाळीचा मागमूस नव्हता. त्या दिवशी दुखते की नाही हा प्रश्नच नव्हता. काम होते की नाही हा होता, आणि काम होत होते. तेवीस बायका म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, हे आम्ही परीक्षेत लिहू. पण उलट बाजूला एकही नव्हती, हेही लिहावे लागेल.

१९१४ साली हा प्रबंध छापला गेला आणि १९१६ मध्ये बाईंना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. थॉर्नडाइक यांचेही मला कौतुक वाटते. शिष्येची आकडेवारी त्यांच्या छापील मताच्या विरोधात जात होती, तरी तिची वाट त्यांनी अडवली नाही. दरम्यान न्यूयॉर्क शहराच्या नागरी सेवा परीक्षेत पहिल्या येऊन बाई शहराच्या पहिल्या नागरी सेवा मानसशास्त्रज्ञ झाल्या होत्या. बेलव्ह्यू रुग्णालयातले ते काम सोडून त्या कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात अध्यापिका झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या.

पुढचे आयुष्य असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी गेले. हुशार मुलाला काही कमी पडत नाही, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. वर्गात कंटाळलेले, मित्र नसलेले हे पोर एकटे पडते, असे त्या सांगत. स्पेयर शाळेत १९३६ पासून त्यांनी अशा मुलांचे वर्ग चालवले. १९२८ चे किशोरवयाच्या मानसशास्त्रावरील त्यांचे पुस्तक बरेच वाचले गेले. एक गोष्ट मात्र खटकते. स्त्रियांच्या बाबतीत परिस्थितीकडे बोट दाखवणाऱ्या या बाई मुलांच्या बुद्धीच्या बाबतीत आनुवंशिकतेला फार मोठे स्थान देत. उंबऱ्याचा हिशेब त्यांनी इथेही मांडला असता तर बरे झाले असते.

कर्करोगाने त्यांना गाठले होते, पण सुमारे दहा वर्षे त्यांनी ते लपवून काम चालू ठेवले. १९३८ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २७ नोव्हेंबर १९३९ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या वारल्या. १८० हून अधिक बुद्ध्यंक असलेल्या बारा मुलांवरचे त्यांचे पुस्तक अपुरे राहिले होते. हॅरीने बाईंची टिपणे जुळवून ते १९४२ साली प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी त्यांचे चरित्र लिहिले.