रूडॉल्फ डिझेल

मालट्रक, ट्रॅक्टर, रस्ता तयार करणारी यंत्रे, समुद्रावरची मोठी जहाजे यांपैकी पुष्कळशी डिझेल इंजिनावर चालतात. डिझेल म्हणजे काय, असे विचारले तर कोणीही सांगेल, की ते पेट्रोल पंपावर मिळणारे तेल आहे. पण डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे. या माणसाने विद्यार्थी असताना वर्गात एक आकडा ऐकला आणि त्या आकड्याने त्याला पुढे एकोणीस वर्षे स्वस्थ बसू दिले नाही.

रूडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. मिळकत बेताचीच होती. पॅरिसमध्ये जुन्या यंत्रांचे एक संग्रहालय आहे. लहानगा रूडॉल्फ तेथे जाई आणि यंत्रे न्याहाळत राही.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रूडॉल्फला मात्र जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. त्या घरातील गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. आतापर्यंत फ्रेंच शाळेत शिकलेल्या मुलाला सारे विषय जर्मन भाषेतून शिकावे लागले. माध्यम बदलले की काय त्रास होतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. तरीही १८७३ मध्ये तो वर्गात पहिला आला. आपण अभियंता व्हायचे, हे त्याने चौदाव्या वर्षीच आईवडिलांना पत्राने कळवले होते.

दोन वर्षांनी म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकण्यासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पॉलिटेक्निक म्हणजे तेथील अभियांत्रिकीचे उच्च विद्यालय. घरी पैशांची ओढाताण होती. मुलाने आता कमवायला लागावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. रूडॉल्फने त्यांचे ऐकले नाही. तो म्युनिकला गेला.

तेथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक होते. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांमुळे पुढे त्यांचे नाव जगभर झाले. उष्णतेपासून काम कसे मिळते, या शास्त्राला ऊष्मागतिकी म्हणतात. लिंडे हा विषय शिकवत. १८७८ मध्ये एके दिवशी त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशोब मांडला. इंधनात जेवढी उष्णता असते, तिच्यातील फक्त सहा ते दहा टक्के उष्णतेचे काम होते. म्हणजे शंभर पोती कोळसा जाळला, तर नव्वदांहून अधिक पोत्यांची उष्णता धुरातून, वाफेतून आणि तापलेल्या लोखंडातून निघून जाते. त्या काळी कारखाने, आगगाड्या आणि जहाजे याच इंजिनावर चालत होती.

वर्गात असे कितीतरी आकडे सांगितले जातात. बहुतेक आकडे वहीत उतरतात आणि परीक्षेनंतर तेथेच राहतात. रूडॉल्फने वहीच्या कडेला एक छोटी नोंद केली. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये एका आदर्श इंजिनाची कल्पना मांडली होती. त्या इंजिनात उष्णता घेताना तापमान वाढत नाही. असे इंजिन प्रत्यक्षात बनवता येईल का, याचा अभ्यास करायचा, अशी ती नोंद होती.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. बरोबरचे विद्यार्थी पदवी घेऊन गेले, तो मागे राहिला. पुढच्या परीक्षेपर्यंतचा काळ त्याने स्वित्झर्लंडमधील झुल्त्सर बंधूंच्या यंत्रांच्या कारखान्यात काम करून घालवला. जानेवारी १८८० मध्ये त्याने परीक्षा दिली आणि फार वरच्या दर्जाने उत्तीर्ण झाला. मग त्याने लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. पण वहीतील नोंद तो विसरला नव्हता.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. कोंडून दाबलेली हवा तापते, म्हणून असे होते. डिझेलने हाच गुण वापरायचे ठरवले. सिलिंडरमध्ये दट्ट्याने हवा इतकी दाबायची, की ती अतिशय तापेल. मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडायचा. ठिणगी न देताच इंधन पेट घेईल आणि दट्ट्याला जोराने ढकलेल. २३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले.

कागदावरचे इंजिन सोपे होते, लोखंडाचे अवघड. मूळ योजनेतील प्रचंड दाब कोणत्याही सिलिंडरला पेलणारा नव्हता, तो खूप खाली आणावा लागला. तापमान न वाढवता इंधन जाळण्याची कल्पनाही सोडून द्यावी लागली. आउग्सबुर्गच्या कारखान्यात ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण फुटले. डिझेल थोडक्यात वाचला. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर चालले. नवे इंजिन बनवायचे, बिघडलेला भाग बदलायचा, पुन्हा चालवून पाहायचे, असे चार वर्षे चालले.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्रा. मोरित्स श्र्योटर यांनी वीस अश्वशक्तीच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. श्र्योटर हे म्युनिकच्या त्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते. इंजिनात रॉकेल वापरले होते, कारण डिझेल नावाचे तेल तेव्हा नव्हतेच! इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे काम झाल्याचे दिसून आले. कार्नोचे आदर्श इंजिन डिझेलला बनवता आले नाही. परंतु लिंडे यांनी फळ्यावर मांडलेल्या आकड्याच्या तो कितीतरी पुढे गेला होता.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलँडिया हे जहाज डिझेल इंजिनांवर समुद्र ओलांडू लागले. इंजिनाची कीर्ती वाढत होती. त्याच्या जनकाची स्थिती मात्र खालावत होती. पेटंटाचे खटले, ढासळलेली प्रकृती आणि फसलेले व्यवहार यांमुळे तो कर्जात बुडाला.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी तो बेल्जियमहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटीवर नव्हता. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळील वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. त्या रात्री नेमके काय घडले, याचा उलगडा झाला नाही.

१८९७ च्या चाचणीतील ते इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने जपून ठेवले आहे. ज्या शहरात डिझेलने वहीच्या कडेला ती नोंद केली, तेच हे शहर.