बांबूच्या नळीत ख्याल आणणारे पन्नाबाबू

जत्रेतील फेरीवाल्याच्या काठीला खोचलेली बासरी हे सर्वसामान्यांच्या आवाक्यातील सर्वांत स्वस्त वाद्य. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, सैलानी असो वा कोकणातील आंगणेवाडी, यात्रा म्हटली की ती आलीच. एखादे मूल ती हौसेने घेते, चार दिवस फुंकते आणि फुसफुशीखेरीज काही निघत नाही म्हणून कोपऱ्यात टाकून देते. बासरीतून चांगला स्वर निघण्यासाठी ती महागच असावी लागते, हा समज त्यातून पक्का होतो. तो समज खोडून काढणारा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे पंडित पन्नालाल घोष यांचे आयुष्य. गुराख्याच्या हातातील आणि सिनेसंगीताच्या साथीतील बासरीला त्यांनी ख्यालाच्या मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवून दिले, आणि तेही कोणतीही कळ, धातू वा यंत्र न जोडता.

पन्नालाल यांचा जन्म १९११ च्या जुलै महिन्यात पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. अमलज्योती हे त्यांचे मूळ नाव. घरात संगीत पिढीजात होते. आजोबा हरिकुमार धृपद आणि पखवाजाचे जाणकार, तर वडील अक्षयकुमार सतारवादक. धाकटे बंधू निखिल घोष पुढे तबल्यातील मातब्बर कलावंत ठरले आणि १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापन केली. पन्नालाल यांचे पहिले धडे वडिलांकडे सतारीवर झाले. मन मात्र बासरीकडे ओढ घेत होते. बालपणी नदीच्या पाण्यात त्यांना वाहत आलेली बासरी सापडली आणि एका साधूने त्यांच्यातील गुण ओळखला, अशी आख्यायिका त्यांच्या चाहत्यांमध्ये सांगितली जाते. तिच्यातील तथ्य काहीही असो, त्या मुलाने हाती धरलेले वाद्य अखेरपर्यंत सोडले नाही.

संगीताइतकीच त्यांना आखाड्याची आवड होती. मुष्टियुद्ध, वजन उचलणे, लाठीकाठी यांत त्यांनी शरीर कमावले. व्यायामशाळांचा आणि स्वातंत्र्य चळवळीचा त्या काळी बंगालमध्ये निकटचा संबंध असे. पोलिसांची नजर टाळण्यासाठी तरुण पन्नालाल यांना बारिसाल सोडून कोलकात्यात यावे लागले. तेथे चित्रपटांच्या वाद्यवृंदात बासरी वाजवून ते पोट भरू लागले आणि न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्याबरोबर काम करू लागले. आखाड्यात कमावलेली छाती आणि हातांची ताकद आपल्या संगीताच्या किती उपयोगी पडणार आहे, याची कल्पना त्यांना तेव्हा क्वचितच असेल.

त्यांच्यापुढचा प्रश्न मोठा होता. प्रचारातील आखूड बासरीचा आवाज उंच आणि बारीक. धून वाजविण्यास तो गोड, पण विलंबित ख्यालातील गंभीर आलाप तिच्यावर उभा राहत नसे. मंद्र सप्तकातील संथ बढत तर तिला झेपतच नसे. त्यामुळे सतार, सरोद, सारंगी यांच्या पंक्तीत बासरीला मान नव्हता. पन्नाबाबूंनी वाद्याच्या मुळाशी जाण्याचे ठरविले. नळीची लांबी, पोकळीची रुंदी, रंध्रांची जागा यांवर त्यांनी अनेक प्रयोग केले. बांबूखेरीज धातूसारखी इतर द्रव्येही वापरून पाहिली आणि शेवटी बांबूवरच त्यांचे मन स्थिरावले. या खटाटोपातून सुमारे ३२ इंच लांबीची, धीरगंभीर आवाजाची बासरी सिद्ध झाली. आज मैफलीत दिसणाऱ्या लांब बासरीचे ते मूळ रूप होय.

याच प्रश्नाला युरोपने वेगळे उत्तर दिले होते. जर्मनीतील म्युनिक येथे १७९४ मध्ये जन्मलेला थिओबाल्ड बोम हा सोनाराचा मुलगा होता आणि स्वतः दरबारी बासरीवादक होता. रंध्रे बोटांच्या सोयीसाठी कोठेही न पाडता ध्वनिशास्त्र सांगेल तेथेच पाडावीत आणि ती मोठी असावीत, असा त्याचा आग्रह होता. अशी रंध्रे बोटांनी झाकणे शक्य नव्हते. म्हणून त्याने १८३२ मध्ये आणि नंतर १८४७ मध्ये कळांची रचना सिद्ध केली. कळ दाबली की गादी लावलेले झाकण रंध्रावर घट्ट बसते आणि स्वर नेमका निघतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात आज दिसणारा फ्लूट तो हाच. त्याची कारागिरी नाजूक आणि म्हणून किंमतही मोठी. स्वस्त प्रतीच्या फ्लूटमध्ये गाद्या किंचित सैल असल्या तरी हवा निसटते आणि वादकाचा दम व्यर्थ जातो.

हिंदुस्थानी संगीताची अडचण मात्र निराळी आहे. येथे दोन स्वरांच्या मधली वाटही स्वरांइतकीच महत्त्वाची. मींड घेताना बोट रंध्रावरून सावकाश सरकावे लागते, अर्धे, पाव, त्याहूनही कमी उघडावे लागते. रंध्र एकदम झाकणाऱ्या कळेला हे सहजी साधत नाही. बोमने बोटांची मर्यादा ओळखून यंत्र जोडले. पन्नाबाबूंनी बोटांनाच त्या मर्यादेपलीकडे नेले. लांब बासरीवरील रंध्रे एकमेकांपासून दूर असतात. ती बोटांच्या टोकांनी न झाकता पेरांच्या मांसल भागाने झाकावी लागतात. त्यासाठी पंजा ताणावा लागतो, आणि तो ताणलेला असतानाही बोटे हलकी ठेवावी लागतात.

त्यांची सर्वांत मोलाची भर म्हणजे सातवे रंध्र. सहा रंध्रांच्या बासरीत वरची तीन झाकली की षड्ज आणि सहाही झाकली की मंद्र पंचम मिळतो. सर्व रंध्रे मोकळी सोडली की तीव्र मध्यम लागतो. त्यावरून मध्य सप्तकातील पंचमावर जायचे तर सारी बोटे एकदम टेकवावी लागतात आणि फुंकही बदलावी लागते. त्यामुळे या दोन शेजारच्या स्वरांमध्ये मींड तुटते. यमनसारख्या रागात तर हीच जागा जीवाची. पन्नाबाबूंनी खालच्या बाजूला करंगळीसाठी आणखी एक रंध्र पाडले. ते झाकले की तीव्र मध्यम निघतो आणि करंगळी सावकाश उचलली की त्याच श्वासात पंचम उमटतो. बांबूला पाडलेल्या एका भोकाने हे काम केले. त्याचा खर्च काहीच नव्हता. त्याची खरी किंमत करंगळीला वळण लावण्याच्या मेहनतीत होती.

वाद्य सुधारले तरी विद्या अपुरी आहे, ही जाणीव त्यांना सतत असे. कोलकात्यात त्यांनी खुशी मोहम्मद खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. खाँसाहेब हार्मोनियमवादक होते. ज्या वाद्यात मींड अशक्य, त्याच्या वादकाकडून बासरीवाल्याने रागविद्या घ्यावी, हा योग विलक्षणच. त्यानंतर गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडून गायकीची तालीम मिळाली. १९३८ मध्ये सेराईकेलाच्या नृत्यमंडळाबरोबर ते युरोपला जाऊन आले.

१९४० मध्ये पन्नाबाबू मुंबईला आले आणि पुढची सोळा वर्षे हे शहर त्यांची कर्मभूमी ठरले. त्यांच्या पत्नी पारुल घोष या त्या काळातील नामवंत पार्श्वगायिका आणि संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ या १९४२ मधील चित्रपटाला संगीतकार म्हणून पन्नालाल घोष यांचे नाव लाभले. चित्रपटसृष्टीत पैसा होता, प्रतिष्ठा होती. तरीही १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिशीत, देशभर नाव झालेले असताना त्यांनी मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून मान तुकविली. नुपूरध्वनी, चंद्रमौळी, दीपावली हे त्यांनी निर्माण केलेले राग त्यांच्या चिंतनाची साक्ष देतात. बासरीच्या पट्टीशी जुळणाऱ्या तानपुऱ्यांचाही त्यांनी विचार केला आणि उंच स्वराची तानपुरी साथीला घेतली.

बासरीचा स्वर कसा सिद्ध होतो, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना उमगते. बासरीला जिव्हाळी नसते. ओठांतून निघालेला हवेचा झोत मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आदळतो, थोडा आत आणि थोडा बाहेर जातो. त्यातून नळीतील हवा थरथरते. झोत पसरट असला की फुसफूस वाढते. तो कडेच्या वर वा खाली गेला की स्वर विरतो. मंद्र स्वराला श्वास संथ आणि भरीव लागतो, तार स्वराला ओठांची फट लहान आणि झोत वेगवान. बोटाखाली केसभर फट राहिली तरी खालचे स्वर बोलत नाहीत. म्हणजेच, रंध्रे सुरात पाडलेली असली आणि नळीला तडा नसला, तर स्वस्त बांबूही ओठ, श्वास आणि बोटे यांच्या शिस्तीवर खुलतो. पन्नाबाबूंच्या आलापातील मंद्र स्वर भरून उमटतो, त्यामागे ही शिस्त आणि आखाड्यात कमावलेला दमसास आहे.

१९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. पंडित रविशंकर यांच्यानंतर ही जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. ‘कलिंग विजय’, ‘ऋतुराज’ अशा त्यांच्या वाद्यवृंद रचना गाजल्या. मात्र हा काळ अल्पच ठरला. २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती.

मुंबईच्या वास्तव्यात त्यांनी मुक्तहस्ते विद्या दिली. त्यांचे जावई पंडित देवेंद्र मुर्डेश्वर आणि व्ही. जी. कर्नाड यांनी ही परंपरा पुढे चालविली, तर पुण्यात पंडित केशव गिंडे यांनी सप्तकांचा विस्तार करणारी ‘केशव वेणू’ घडविली. सातव्या रंध्राचा स्वीकार साऱ्यांनी केला नाही. अनेक थोर वादक सहा रंध्रांच्या बासरीवरच वाजवीत आले. लांब बासरी मात्र सर्वांनीच आपली मानली. मैफलीत बासरीवर विलंबित ख्याल ऐकताना आज कोणाला नवल वाटत नाही. १९३० च्या दशकात मात्र तो ऐकण्याची सवय रसिकांना नव्हती आणि तो वाजविता येईल असे वाद्यही नव्हते. ते पन्नाबाबूंना स्वतःच्या हातांनी घडवावे लागले.