विसरत चाललेला फॅरेडे

शास्त्रज्ञांची चरित्रे म्हणजे यशाच्या कहाण्या, असे मला शाळेपासून वाटत आले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मायकेल फॅरेडेचे चरित्र वाचले आणि माझा हा समज पार बदलला. त्या चरित्रात मला माझे आजोबा भेटले.

फॅरेडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. घरची गरिबी, त्यामुळे शाळा बेताचीच. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो आधी वाचून काढी. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांची टाचणे त्याने स्वच्छ लिहून, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठवली. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला.

त्यानंतरची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. 1821 मध्ये वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून त्याने विजेच्या मोटारीचा पाया घातला. 1831 मध्ये चुंबकापासून वीज मिळवली. आज आपल्या घरात दिवा लागतो तो या शोधाच्या जोरावर.

मात्र 1821 च्या त्या प्रयोगात तारेचे टोक एका भांड्यातील पाऱ्यात बुडवलेले होते. त्या काळी विजेची जोडणी करायला पारा हे सोयीचे साधन होते आणि फॅरेडेचा त्याच्याशी वारंवार संबंध येई. पाऱ्याची वाफ साध्या हवेतही होते. तिला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे ती रक्तात जाते, रक्तातून मेंदूत शिरते आणि तेथे तिचे रूप बदलल्यामुळे सहजी बाहेर पडत नाही. मग हात कापू लागतात, झोप उडते, माणूस चिडचिडा किंवा बुजरा होतो, आठवण दगा देऊ लागते.

1839 च्या अखेरीस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फॅरेडे खचला. भोवळ, डोकेदुखी आणि विस्मरण यांनी त्याला घेरले. 1841 मध्ये पत्नी सारासह तो विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला गेला. हा आजार पाऱ्याचाच होता हे सिद्ध झालेले नाही. कोणी अतिश्रमाचे कारण देतात, कोणी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे. पण पाऱ्याचा संशय अनेक अभ्यासकांनी घेतला आहे.

मला नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. आठवणीवर विसंबता येत नाही हे ओळखून त्याने वहीचा आधार घेतला. प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक देण्याची त्याची जुनी शिस्त होती. त्या नोंदी सोळा हजारांवर गेल्या. याच काळात, 1845 मध्ये, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने दाखवून दिले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले, ते त्याने नाकारले. अखेरीस पत्र लिहायला घेतले की शब्द जुळेनात. लिहायचे आणि फाडायचे, असे होऊ लागले. 25 ऑगस्ट 1867 रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे प्राण गेले.

आता आजोबांविषयी. आमच्या घरी मुलाम्याचे काम पिढीजात. सोने पाऱ्यात कालवायचे, तो लगदा देवाच्या मुखवट्यावर चढवायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. आजोबांनी हे काम बंद पडवीत बसून चाळीस वर्षे केले. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. चहा सांडला की ते आमच्यावरच ओरडत. एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारीत. आम्ही त्याला म्हातारचळ म्हणत असू. एकदा मी त्यांना सर्वांसमोर फटकन बोललो. ते काही न बोलता पडवीत जाऊन बसले. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा आजार पाऱ्याचा होता की वयाचा, हे कोणत्याही डॉक्टरने तपासले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विचारायला हवे होते, एवढे मात्र आज कळते.

गंमत अशी की विजेने मुलामा चढवण्याच्या पद्धतीमागे जे नियम आहेत, ते फॅरेडेचेच आहेत. त्या पद्धतीने पाऱ्याची गरज संपवली. तिच्या द्रावणात सायनाइड असते, तेव्हा तेथेही जपूनच राहावे लागते. वडील अजून अधूनमधून जुन्या पद्धतीने काम करतात. सुट्टी संपण्यापूर्वी मी त्यांना हे सारे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी पाऱ्याची बाटली घट्ट बंद करून वरच्या फळीवर ठेवली.

ती बाटली तिथेच राहावी, एवढीच माझी इच्छा आहे.