पंडिता रमाबाई

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या १८५८ साली जन्मली. दुष्काळाच्या दिवसांत तिने आई, वडील व थोरली बहीण गमावली. ती भूक रमाबाई पुढे कधीही विसरल्या नाहीत.

वैधव्य आल्यावर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत गावोगावी व्याख्याने देऊन येथील विधवांची दैन्यावस्था त्यांनी तेथील लोकांपुढे मांडली. तेव्हा बोस्टन येथे १८८७ साली एक मंडळ निघाले व त्याने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईस 'शारदा सदन' उघडले; पुढे ते पुण्यास आले. मुली ख्रिस्ती होतील, ह्या शंकेने १८९३ साली कित्येक पालकांनी त्यांना काढून नेले.

परक्यांचे धन किती दिवस पुरणार? म्हणून बाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावी जमीन घेऊन फळबाग लावली. मदत घेणारा इतका पुढचा विचार सहसा करीत नाही! झाडे अजून लहान होती, तोच १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई तडक मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगच्या भीतीने त्यांना थारा मिळेना. मग बागेजवळच झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ती सदन'. रमाबाई १९२२ साली तेथेच निवर्तल्या.